पुलियाखालचा मासा

आमच्या महाराजपुरातल्या नाल्यात मासा आहे असं कोणी मला सांगितलं असतं, तर मी त्याला आधी सावलीत बसवलं असतं, पाणी दिलं असतं आणि मग घरी जा म्हटलं असतं. त्या नाल्यात काय येत नाही? वरच्या अंगाला डेअऱ्या आहेत, त्यांचं शेण येतं. कॉलनीचं सांडपाणी येतं, प्लॅस्टिकच्या पन्न्या येतात, गणपती-दुर्गेचं निर्माल्य येतं. एकदा अख्खी गादी आली होती, ती पुलियाखाली, रस्त्याच्या छोट्या पुलाखाली, अडकून वर्षभर तिथेच राहिली. मासा तेवढा येत नाही. म्हणून त्या सकाळी शेजारच्या बाईंनी कुंपणावरून हाक मारली, "दीदी, नाले में मगर का बच्चा है," तेव्हा मला ती मगरच वाटली. आमचा नाला पुढे परियट नदीला मिळतो आणि परियटमध्ये मगरी आहेत, हे जबलपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. एखादी वाट चुकून वर आली असेल, एवढं मला पटलं.

मी मेथी निवडत होते. मुलगी नागपूरहून आली होती आणि अंगणात ह्यांची दाढी करून देत होती. हे म्हणजे माझे यजमान. नाव घेतलं तर पाप लागतं असं आमच्या घरात कोणी मानत नाही, आम्ही बाबासाहेबांची माणसं, पण जिभेला वळणच नाही. इतकी वर्षं मी "अजी" म्हटलं आणि त्यांनी "ऐकून राहिली का" म्हटलं, त्यात संसार झाला.

ह्यांची सगळी नोकरी सरकारच्या मासे खात्यात गेली. तलाव, धरणं, नदीचे घाट. जाळ्यात काय आलं ते पाहायचं आणि नाव सांगायचं. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी तोंड, मग मिशा, मग खवले, मग शेपूट, आणि नाव सगळ्यांत शेवटी. समोर रोजचा रोहू असला तरी हा क्रम मोडायचा नाही. मला बघायला आले तेव्हा दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत माझ्या आईने भंडाऱ्याकडचा झणझणीत माशाचा रस्सा केला होता. मी पोहे घेऊन समोर उभी, आणि हे ताटातल्या मुंडीचं तोंड बोटाने उघडून आत बघतायत. माझी मावशी दाराआडून म्हणाली, "बाप्पा, हा पोरगी पाहाले आला का मासा पाहाले?" सगळे हसले. हे हसले नाहीत. मुंडी पूर्ण पाहून झाली आणि मग माझ्याकडे बघितलं.

हाताखालच्या माणसांना ते एकच गोष्ट घोकून शिकवायचे. माहीत नसलं तर माहीत नाही म्हणा. अंदाजाने नाव ठोकून दिलं तर मी दौऱ्यावरून परत पाठवीन. स्वतःही तसंच वागायचे. मोठा साहेब समोर उभा आहे, कोणी कोळ्याने वेगळाच मासा आणलाय, सगळे वाट बघतायत, आणि हे शांतपणे म्हणायचे, "माहीत नाही. बाटलीत घाला, तपासायला पाठवू." मला त्या वेळी त्यांचा राग यायचा. चार लोकांत असं कसं बोलतात, असं वाटायचं. त्यांना त्यात काहीच वाटायचं नाही.

मग विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग किल्ल्या, मग आमच्या घराची गल्ली. एकदा बसमध्ये बसून सरळ शहपुऱ्याला गेले. तिथल्या बाजारात एका म्हाताऱ्या कोळ्याने त्यांना ओळखलं, जुन्या कामातली ओळख, म्हणून मला फोन तरी आला. मी रिक्षा करून आणायला गेले तर हे त्याच्या दुकानासमोर पाटावर बसलेले, पायात एकच चप्पल. मला बघून म्हणाले, "चलो, ड्यूटी झाली."

नागपूरच्या डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, आणि हे परत येणारं नाही, उतरतच जाणार, हेही सांगितलं. मुलगी तिथेच बँकेत आहे. तिने अशा लोकांना ठेवून घेतात ती एक जागा पाहून ठेवली. चांगली आहे, बाग आहे, नर्स आहेत. फक्त तिथे हे एकटे राहणार, मला रविवारी भेटायला जाता येणार. ती फोनवर हे सांगायची आणि मी भांडायची. ती म्हणायची, आई, तुझी पाठ गेली, तू रात्रभर झोपत नाही, बाबा तुला कधी ढकलून देतील कळणार नाही. सगळं खरं होतं. पण मी कुठे ऐकणार? एक दिवस चिडून म्हणून गेले, "हे माणसं विसरले असतील, मासे नाही विसरले. बाजारात ने आणि विचार. ज्या दिवशी ते मासा चुकतील, त्या दिवशी मी स्वतः त्यांना तुझ्या त्या बागेत सोडून येईन. तोवर हा विषय बंद." उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण ती माझीच मुलगी, शब्द धरून ठेवणारी. "ठीक है, आई. जिस दिन चूकेंगे," ती म्हणाली.

आणि खरंच ते चुकत नव्हते. दर रविवारी मी त्यांना अधारतालच्या मासळी बाजारात न्यायची. टबासमोर उभे राहिले की त्यांची पाठ सरळ व्हायची. मी माझ्या सवयीने मासेवाल्या भैयाशी बोलत असायची, कतला आजचाच ना, बाम आज नको, साफ करायला जीव जातो, असं. तो ह्यांना मुद्दाम छेडायचा, "साहब, ये कौन है?" हे वाकायचे, बोटाने तोंड उघडायचे, क्रमाने सगळं बघायचे आणि म्हणायचे, "कतला." किंवा "बाम." किंवा "पढिन, और ताजा नहीं है." भैया हसायचा. मला वाटायचं, सुट्टीत आलेल्या नातीला ओळखत नाहीत ना, नको ओळखू देत. माणूस अजून आहे. मी त्या आठवड्याच्या एका तासावर बाकीचे सगळे दिवस काढत होते.

तर त्या सकाळी पुलियावर अर्धी कॉलनी जमली होती. उन्हाळ्याने पाणी उतरलेलं, पुलियाखाली एक डबकं तेवढं उरलं होतं. डेअरीवर काम करणाऱ्या एका माणसाने ते जनावर घमेल्यात उचलून वर आणलं होतं. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "साहब को ले आइए ना दीदी, वो तो देखते ही बता देंगे."

मुलगी म्हणाली, "आई, नको. इतने लोग हैं."

"काहून नको? मासाच पाहाचा आहे ना?"

"बाबा घाबरतील."

"तू घाबरून राहिली. ते नाही घाबरत."

मला काय झालं होतं ते मी सरळ सांगते. मला तिला दाखवायचं होतं. बाजारात ती कधी आली नव्हती, तिने माझ्या शब्दावरच सगळं मानलं होतं, आणि ते मानताना तिच्या आवाजात जी शंका असायची ती मला झोंबायची. आज चार लोकांसमोर बघ म्हणावं तुझा बाप. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हे अर्धी दाढी झालेल्या तोंडाने माझ्या हाताला धरून चालत आले. लोकांनी वाट करून दिली. घमेल्यात हातभर लांबीचं काळं काहीतरी पडलं होतं. अंगावर ठिपके, पाठीवर शिडासारखा मोठा पर, कातडी अशी खरबरीत की मगरीचं पिल्लू म्हणणाऱ्याला दोष देता येणार नाही. पण मगरीला पाय असतात. याला पर होते, कल्ले होते. मासाच होता. मी जन्मभर मासे निवडले, कापले, खारवले. असा मासा मी पाहिला नव्हता.

हे खाली बसले. गुडघे वाजले, पण बसले. आणि त्यांचे हात सुरू झाले. आधी तोंड. तोंड समोर नव्हतंच, खाली पोटाच्या बाजूला होतं, गोल, चिकटून बसणारं. त्यांनी अंगठा लावून पाहिला. मग मिशा, दोन आखूड मिशा होत्या, त्या चिमटीत धरून पाहिल्या. मग खवले. खवले नव्हते, चिलखतासारख्या पट्ट्या होत्या, त्यांवरून नख फिरवलं. मग शेपूट पसरून धरली. मी मुलीकडे बघितलं, तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, जिंकले बाई मी.

मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत नाही, तोंडाकडे. माझ्या ओठांकडे. वाट बघत राहिले.

मला त्या माशाचं नाव माहीत नव्हतं. माझे ओठ मिटलेले होते. ते बघत राहिले, लोक त्यांच्याकडे बघत राहिले. शेवटी ते अगदी अदबीने मला म्हणाले, "आप बता दीजिए, मॅडम."

कोणीतरी हसलं, मग थांबलं. मुलीने पुढे होऊन त्यांना उठवलं आणि कडेला नेलं. जाताना तिने आपल्या फोनवर माशाचा फोटो काढला होता. फोनने पटकन सांगितलं. काचेच्या पेटीत पाळतात तो मासा, काच चाटून साफ ठेवणारा, मूळचा सातासमुद्रापारचा. आपल्याकडच्या नद्यांत सोडला की घाण पाण्यातही जगतो, पाण्यात दम उरला नाही तर वर येऊन हवा गिळतो. तिने हे हिंदीत मोठ्याने वाचलं आणि शेजारच्या बाईंचा चेहरा उतरला.

"अरे," त्या म्हणाल्या, "ये तो हमारा वाला है।"

मग सगळं बाहेर आलं. घरात शांती राहावी म्हणून त्यांना कोणीतरी मासे पाळायला सांगितलं होतं. बाकीचे रंगीत मासे मेले, हा बोटाएवढा होता तो वाढतच गेला, पेटीत मावेना. त्या कांदासुद्धा खात नाहीत, मारणार कशा? म्हणून जबलपूरची माणसं करतात तेच त्यांनी केलं. ज्याचं काय करायचं कळत नाही ते नर्मदाजींना सिरवून द्यायचं, पाण्यात सोडायचं. घाटापर्यंत जायला गाडी नव्हती. नाला परियटला जातो, परियट हिरनला, हिरन नर्मदेला, म्हणजे एकाच घरी जाणार. त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला आणि पुलियावरून सोडून दिला. तो नर्मदेला गेलाच नाही, आमच्या शेणातच मोठा झाला. या नाल्यात कधीकाळी आमचे हे झिंगे धरायचे, असं ते सांगायचे. ते सगळं मेलं आणि हा तेवढा जगला. लोकांना हसू फुटलं. डेअरीवाल्याने घमेलं परत पाण्यात उपडं केलं, आणि मासा तळाला जाऊन दिसेनासा झाला.

घरी येताना मुलीने माझा हात धरला. तिने मला बोलायची वेळच येऊ दिली नाही. "आई, हे मी धरत नाही," ती म्हणाली. "तो मासा बाबांच्या टाइमला इथे नव्हताच. मग ते कसे ओळखतील? तू टेन्शन नको घेऊ. बाबा इथेच राहतील. पावसाळ्यानंतर बघू."

मला हवं होतं ते सगळं तिने देऊन टाकलं. तिच्या जागी मी असते तर दिलं नसतं. मी फक्त "अच्छा" म्हटलं.

तिला वाटत होतं, बाबा एका परक्या माशाला अडखळले. मला पुलियावर दुसरंच कळलं होतं. ते ज्या नजरेने माझ्या ओठांकडे बघत होते ती नजर नवी नव्हती. ती मी रविवारी बाजारात कितीदा पाहिली होती आणि प्रेमाची समजले होते. नाव सांगण्याआधी ते नेहमी एकदा माझ्याकडे बघायचे. आणि मी काय करत असायची? बडबड. कतला आजचाच ना भैया. बाम आज नको. पढिनला वास येतोय. त्यांनी विचारायच्या आत सगळी नावं मीच टबावर सांडून ठेवलेली असायची. दुपारभर मी एकेक रविवार आठवून बघितला. एकतरी रविवार असा सापडावा की मी गप्प होते आणि ते बोलले. सापडला नाही.

तरी माणसाची आशा चिवट असते, मेली. दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, पण मी मुलीला म्हटलं, जरा बाजारात जाऊन येते. ती म्हणाली मीही येते. मी म्हटलं, तू चहा ठेव, आम्ही आलोच.

बाजारात शिरताना मी पदर नाकातोंडावर घेतला. भैया हसला. "आज माताजी को बास आ रही है क्या?" मी मान हलवली. त्याला मी आधीच खुणेने गप्प केलं. टबात एकच जात होती, वरपासून खालपर्यंत रोहू. लग्नात रोहू, बाळंतपणात रोहू, प्रमोशनला रोहू. आमच्या घरात पाण्याच्या खालोखाल काही आलं असेल तर रोहू आला. मी टबाकडे बोट दाखवलं आणि मागे सरकले.

हे वाकले. वरचा एक उचलला. तोंड उघडून पाहिलं, ओठाची झालर बोटाने चाचपली. मिशा पाहिल्या. खवल्यांवरून नख फिरवलं, शेपूट पसरली. एक पायरी चुकली नाही. कोणी नवं माणूस बघतं तर म्हटलं असतं, काय जाणकार आहे. मग ते वळले आणि माझ्याकडे बघितलं.

मी पदर घट्ट धरला. मनात म्हणत होते, अजी, सांगा ना. रोहू तर आहे. नाही आठवत तर माहीत नाही म्हणा, तुम्ही म्हणायचे तसं, तेवढं म्हटलं तरी मला पुरे आहे. ते काहीच म्हणाले नाहीत. त्यांना घाईही नव्हती. मासा टबात ठेवला, माझ्याजवळ आले, आणि ओल्या बोटाने माझ्या तोंडावरचा पदर हळूच खाली केला. भर बाजारात. एवढ्या वर्षांत त्यांनी चार लोकांत माझ्या खांद्यालाही कधी हात लावला नव्हता. पदर खाली करून ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.

मला तोंड मिटून ठेवता आलं असतं. ते केविलवाणे झाले असते, एवढंच. मी आवाज न काढता ओठांनी म्हटलं, रोहू.

ते लगेच वळले. पाठ सरळ झाली. "रोहू है," भैयाला म्हणाले, पूर्वी साहेबांना सांगायचे त्याच आवाजात. "अच्छी है."

"साहब कभी नहीं चूकते," भैया म्हणाला. त्याने तोच मासा उचलून पिशवीत घातला.

घरी आलो तेव्हा मुलगी ओट्यापाशी चहा गाळत होती. हे अंगणात खुर्चीत जाऊन बसले. मी पिशवी मोरीत ठेवली, हात धुतले आणि तिला म्हटलं, "नागपूरच्या त्या जागेला फोन कर. विचार कधी आणू म्हणून."

"काहून? कालच तर ठरलं ना आपलं. तो मासा मी धरतच नाही म्हटलं."

"तो नाही," मी म्हटलं. "रोहू चुकले."

तिने मोरीतल्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. गाळणी बाजूला ठेवली आणि फोन शोधायला आत गेली.